पुस्तकावर मोकळं मत लिहायचं, तर कोणत्या प्रकाराला कोणतं माप लावायचं?

दुमडलेलं_पान

गेल्या तीनेक महिन्यांत सात पुस्तकं वाचून झाली. एक खुनाची रहस्यकथा, पेशवाईवरची ऐतिहासिक कादंबरी, एक आत्मचरित्र, जपानी कादंबरीचा मराठी अनुवाद, 'यशस्वी कसं व्हावं' छापाचं एक खपाऊ पुस्तक, एक गझलसंग्रह आणि एक कथासंग्रह. प्रत्येकावर वहीत मत लिहिलं. आता सगळं सलग वाचतोय तर नोंदी अशा: 'भाषा ओघवती', 'शेवटपर्यंत खिळवून ठेवतं', 'मधला भाग जरा रेंगाळतो', 'संग्रही असावं असं'. नावं झाकली तर कोणती नोंद कोणत्या पुस्तकाची ते मलाच ओळखू येत नाही. रहस्यकथेची नोंद गझलसंग्रहाला डकवली तरी खपून जाईल.

तर विचारायचं असं, की प्रत्येक प्रकारात नेमकं काय तपासायचं? 'मला आवडलं नाही' आणि 'पुस्तक फसलंय' यातला फरक कसा ओळखायचा? रहस्य न फोडता रहस्यकथेवर कसं लिहायचं? आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर बोलायचा हक्क आहे का?

('मनाला येईल ते लिहा' हा सल्ला नको. तेच केलं, त्याचंच हे फळ.)

शाईचा_डाग

आधी नोंदीची रीत, मग रहस्यकथा.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि मागच्या कोऱ्या पानावर फक्त पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहा: '४७ संवाद खोटा', '११२ इथे थांबलो'. लांब शेरे लिहीत बसलात तर वाचन तुटतं. नुसत्या रेघा मारल्यात तर महिन्याने त्या कशासाठी मारल्या ते आठवत नाही. अडीचशे पानांना दहा-पंधरा क्रमांक पुरतात, पन्नास झाले तर वाचन संपून तपासणी सुरू झाली म्हणायचं. पुस्तक संपेल त्याच दिवशी पाच ओळी लिहायच्या, आणि तीन आठवड्यांनी पुस्तक न उघडता पुन्हा पाच. दुसऱ्या पाचांत जे येतं ते पुस्तकाचं खरं उरलेलं. रहस्यकथेची दुसरी नोंद कोरी राहिली तर बिघडत नाही, त्या प्रकाराचा तो धर्मच आहे. आत्मचरित्राची कोरी राहिली तर तेच तुमचं मत.

'आवडलं नाही' की 'फसलं', यासाठी पुस्तकाने स्वतः काय कबूल केलंय ते एका वाक्यात लिहून काढा. पहिल्या दोन प्रकरणांत ते कळतं. कबूल केलेलं पाळलं नसेल तर फसलं. पाळलं, पण तुम्हाला तो मालच नको होता, तर आवडलं नाही. 'खुनी कोण' ही उत्सुकता लावून पुस्तक शेवटी 'माणूस हा असाच एकटा' म्हणत खुनाचा नाद सोडून देत असेल, तर ते फसलं, भाषा कितीही गोड असो.

आता रहस्यकथा. रोनाल्ड नॉक्स या पाद्री-लेखकाने १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा नियम मांडले. त्यातले तीन-चार आजही कामाचे आहेत: गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दाखवलेला हवा, एकापेक्षा जास्त गुप्त भुयारं नकोत, आणि अज्ञात विष किंवा शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा लागेल असं यंत्र नको. उलगडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटू नका, मागे फिरा. गुन्हेगार पहिल्यांदा कोणत्या पानावर आला ते बघा. तीनशे पानांच्या पुस्तकात तो दोनशेव्या पानानंतर उगवला असेल तर वाचकाला डाव खेळायलाच दिला नाही. मग उलगड्यातले तीन-चार निर्णायक मुद्दे घ्या आणि प्रत्येक मुद्दा मागे कुठे होता ते शोधा. सापडला, तर तो लपवला कसा हे पाहण्यात खरी मजा आहे. टेबलावरच्या पाच वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवला? की दुवा सांगितल्या-सांगितल्या कुणाचं तरी भांडण लावून दिलं, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे? सापडलाच नाही, तर लेखकाने पत्ते टेबलाखाली ठेवले होते.

सर्वात नेहमीचा बिघाड म्हणजे गुन्हेगार एकटा असतानाचं त्याचं वागणं. खोलीत दुसरं कुणी नसताना तो 'हे कुणी केलं असेल?' या विचाराने घाबरतो, आणि शेवटी कळतं की यानेच केलंय. मग घाबरला कुणासाठी? शेवट आधी पक्का न करता लिहायला बसलं की हे होतं.

विषं आणि औषधंही बघा. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या. १९२० च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतल्या विषाच्या तपशिलांचं औषधशास्त्राच्या नियतकालिकाने कौतुक केलं होतं. उलट बाजूला तो क्लोरोफॉर्मचा रुमाल: नाकाशी धरला की माणूस दोन सेकंदांत आडवा. प्रत्यक्षात बेशुद्ध व्हायला काही मिनिटं जातात आणि तोवर माणूस झटापट करतो.

न फोडता लिहायचं तर कथानक पहिल्या चौथाईपर्यंतच सांगा, पुढे फक्त जात सांगा: 'दुवे न्याय्य आहेत, पण शेवटची गाठ योगायोगाने सुटते.' 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हे सांगणंसुद्धा फोडणंच. पुढचा वाचक मग धक्का हुंगतच वाचतो. १९२६ ची एक इंग्रजी कादंबरी आहे, तिच्यावर वाद कशामुळे झाला एवढं सांगितलं तरी गुन्हेगार कळतो. म्हणून नावही घेत नाही.

घटका_पळे

ऐतिहासिक कादंबरीत तारीख, जिन्नस आणि बोली, या तिन्हींकडे बघा. यातली बोली सगळ्यात दुर्लक्षित, आणि पुस्तक तिथेच उघडं पडतं.

तारीख आधी उरकतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, साधारण अर्ध्या पौषापासून फाल्गुनाअखेर, ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. ७८ मिळवले तर १७६० येतं, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. कादंबरीत अशी चूक एकदाच दिसली तर मुद्रितशोधकाच्या नावावर टाका. पण त्या चुकीच्या सालावरून पात्रांची वयं मोजली असतील तर ती लेखकाची.

जिन्नस म्हणजे पात्रांच्या आसपासच्या वस्तू. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. पेशवाईतल्या शिपायाने भाकरीबरोबर मिरची खाल्ली तर हरकत नाही, यादवांच्या काळातल्याने खाल्ली तर आहे, कारण त्या काळी तिखटपणा मिऱ्याचा. बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा यांचंही मूळ घर अमेरिका खंडच. वेळेचंही असंच. एक प्रहर तीन तासांचा, एक घटका चोवीस मिनिटांची, घटकेची साठ पळं. निवेदकाने 'पाच मिनिटांत' म्हटलं तर सोडून द्या, तो आजचा माणूस आहे. पण पेशव्यांचा कारभारीच 'पाच मिनिटांत हजर होतो' म्हणाला तर क्रमांक टिपून ठेवा.

आणि बोली. पेशवेकालीन पत्रं वाचा, फारसी शब्द ठासून भरलेले आहेत: सरंजाम, रवाना, हुजूर, दफ्तर, मजकूर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. म्हणजे त्या आधी काय बोललं-लिहिलं जात असेल याचा अंदाज करा. आपल्या कादंबऱ्यांत मात्र सरदारापासून मोतद्दारापर्यंत सगळे शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात, आणि 'राष्ट्र', 'स्वातंत्र्य' हे शब्द एकोणिसाव्या शतकानंतरच्या अर्थाने वापरतात. कान तयार करायचा असेल तर वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड (१८९८) घ्या, त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं आहेत. दहा पत्रं वाचलीत तरी कादंबरीतला खोटा संवाद खड्यासारखा दाताखाली येतो.

एक गोष्ट दोष म्हणून लिहू नका: बंद खोलीतला दोन ऐतिहासिक व्यक्तींचा संवाद कल्पित असणं. ती कादंबरीची मोकळीक आहे. पण इतिहासकारांत ज्यावर अजून वाद आहे असा प्रश्न त्या कल्पित संवादातून निकाली काढला असेल, तर ते जरूर लिहा. वाचक पुढे तोच संवाद पुरावा म्हणून फेकतात.

रद्दीचा_गठ्ठा

वरचं सगळं बरोबर आहे, पण या मापाने पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर पहिल्याच फेरीत बाद होते. इतिहास म्हणून तिचे तपशील भरवशाचे नाहीत आणि तरीही ते मराठी गद्य अजून वाचलं जातं. चुका मोजणाऱ्या वाचकाला चूक सापडली की मत तयार झाल्यासारखं वाटतं. चूक सापडली तर आधी विचारा, चीर भिंतीत आहे की तुळईत? शिपायाच्या ताटातली मिरची काढून टाकली तर कादंबरीचं काय बिघडतं? काही नाही. ती भिंतीतली चीर.

घटका_पळे

मान्य. पण दोनशे पानांत चाळीस चिरा दिसल्या तर तुळई शोधायची गरज उरत नाही.

तिसरा_खर्डा

जपानी कादंबरीबद्दल. आधी आतल्या पानावर बघा, अनुवाद जपानीवरून आहे की इंग्रजीवरून. हक्कांच्या मजकुरात फक्त इंग्रजी नाव आणि इंग्रजी प्रकाशक असेल तर बहुधा मध्ये इंग्रजी आहे. मग 'लेखकाची शैली कोरडी' लिहिण्याआधी थांबा. तुम्ही तीन माणसांचं लेखन वाचलंय.

मधल्या इंग्रजीत काय गळतं ते नेमकं सांगता येतं. जपानीत 'मी'ला वाताशी, बोकु, ओरे असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यावरून बोलणाऱ्याचं वय, आब, सलगी कळते. इंग्रजीत सगळ्यांचा एकच 'आय' होतो. जपानीत थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द, इंग्रजीत दोघे 'ब्रदर'. मराठी अनुवादकाकडे दादा आहे, तू-तुम्ही-आपण आहे, म्हणजे गेलेलं परत आणायची सोय आपल्या भाषेत आहे. पण मूळ न पाहता त्याला अंदाज करावा लागतो. म्हणून एक काम करा: मुख्य पात्रांच्या जोड्या मांडा आणि कोण कुणाला तू म्हणतं, कोण तुम्ही, ते टिपा. पान ३० वर 'तुम्ही' आणि पान ९० वर कारणाशिवाय 'तू' आलं तर अनुवादकाने एकदा बसून ठरवलेलं नाही. प्रसंगामुळे बदललं असेल तर उलट दाद द्या.

दुसरी तपासणी सर्वनामांची. हे वाक्य घ्या: 'त्याने त्याचे हात त्याच्या खिशात घातले आणि त्याचे डोके हलवले.' मराठीत ते 'खिशात हात घालून त्यानं मान हलवली' असं होईल. हात कुणाचे, खिसा कुणाचा, हे मराठीत सांगावं लागत नाही, आणि लागलंच तर 'आपला' आहे. शिवाय 'डोके हलवले' यातून हो म्हणाला की नाही म्हणाला तेही कळत नाही. कुठलंही एक पान उघडून फालतू 'त्याचा-तिचा' मोजा. पाचाच्या वर गेले तर वाक्यं इंग्रजीतून उचलून ठेवलेली आहेत. 'च्याद्वारे' आणि 'केले गेले' हेही मोजा. आणि पान मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा अनुवादकाने मूळ वाक्याचा क्रम सोडलेला नसतो.

आणि अचूकतेबद्दल गप्प राहायला शिका. हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन' या कोरियन कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ चं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक लेखिका आणि अनुवादिका दोघींना मिळून मिळालं. नंतर कोरियन जाणणाऱ्यांनी त्यातल्या चुका दाखवल्या, कोरियनमध्ये सारखे ऐकू येणारे 'हात' आणि 'पाय' हे शब्द एकमेकांच्या जागी आल्याचंही त्यात होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं, कारण इंग्रजी उत्तम होतं. मूळ भाषा येत नसेल तर 'मराठी म्हणून वाचनीय आहे' इथवरच तुमचं मत. 'अनुवाद उत्तम' म्हणायला मूळ शेजारी लागतं.

पुराव्यासकट

यशाचं पुस्तक. हा प्रकार भाषेवरून तोलू नका, दाव्यांवरून तोला. पुस्तकातले सगळ्यात मोठे तीन दावे निवडा. प्रत्येकासाठी बघा: अभ्यास किती माणसांवर, कोणत्या साली, दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का, आणि 'हे केल्याने ते झालं' की 'हे आणि ते बरोबर दिसलं'. टिपांमध्ये मूळ शोधनिबंधाऐवजी दुसऱ्या खपाऊ पुस्तकाचंच नाव असेल, तर तीच एक नोंद पुरे.

दहा हजार तासांचा नियम तुमच्या पुस्तकात असेलच. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. आधार होता अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास. एरिक्सन यांनी स्वतः नंतर हरकत घेतली: दहा हजार ही वीस वर्षं वयापर्यंतची, सर्वोत्तम गटाची सरासरी होती. म्हणजे त्या गटातल्या कित्येकांचे तास त्याहून कमीच भरले होते, आणि वीस वर्षांचे ते विद्यार्थी अजून उस्ताद वगैरे झालेले नव्हते. शिवाय त्यांचा मुद्दा सराव कसा करता हा होता, तो वाटेत सांडला आणि आकडा तेवढा उरला.

लहान मुलांसमोर मार्शमेलो ठेवून 'थांबलास तर दोन देईन' हा प्रयोगही असेल. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला गेला. थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध मूळच्या साधारण निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो आणखी बराच घटला. पुस्तक २०१८ आधीचं असेल तर लेखकाला माफ करा. नवं असून जुनाच निष्कर्ष छापला असेल तर करू नका.

डॅनियल कानेमन यांच्या २०११ च्या प्रसिद्ध पुस्तकात सूचक शब्दांचा वागण्यावर नकळत परिणाम होतो यावर एक प्रकरण आहे. त्यातले काही प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी कबूल केलं की छोट्या नमुन्यांवरच्या अभ्यासांवर आपण जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकला. या प्रकारात अशी कबुली दुर्मीळ. मी हे पुस्तक आजही वाचा म्हणेन, ते एक प्रकरण सावधपणे.

कंपन्यांच्या यशाच्या पुस्तकांत बिघाड निवडीत असतो. जिम कॉलिन्स यांच्या २००१ च्या पुस्तकात 'चांगल्याच्या थोर झालेल्या' म्हणून अकरा कंपन्या निवडल्या होत्या. त्यातल्या सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जिंकलेल्यांना जिंकल्यावर निवडायचं आणि त्यांच्यातलं सारखेपण शोधायचं, तर तेच गुण असून बुडालेले नजरेस येतच नाहीत. मत लिहिताना विचारा: पुस्तकात हरलेल्यांची उदाहरणं किती? बहुतेक वेळा उत्तर एका हाताच्या बोटांत मावतं.

काफिया_हरवला

गझलसंग्रहावर 'भाषा ओघवती' लिहिलंत म्हणून ही शिक्षा :)

मतला म्हणजे पहिला शेर. त्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी काफिया (यमक) आणि त्यामागे रदीफ (तसाच पुन्हा येणारा शब्द) येतो, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. समजा मतल्यात 'वारा होता' आणि 'तारा होता' आलं. रदीफ 'होता', काफिया 'वारा-तारा'. पुढे 'किनारा होता', 'निखारा होता' चालेल. 'पाहिला होता' आलं की काफिया पडला. पण रदीफ जागेवर असल्याने कानाला ते चटकन कळत नाही. कवी रदीफाच्या आड लपतात. म्हणून रदीफ बोटाने झाकून वाचा.

मग वृत्त. दोन ओळींखाली लघु-गुरू लिहा. मनाच्या श्लोकांची चाल माहीत असेलच, ते भुजंगप्रयात: लगागा चार वेळा, बारा अक्षरं. संग्रहात या वृत्ताची एखादी गझल सापडली तर त्याच चालीवर म्हणून बघा, मोडलेली जागा आपोआप कळते. वृत्त सांभाळायला कवी काय मोजतो ते बघा: 'हा', 'तो', 'रे', 'जरा' यांची भर. आणि 'आता'चं 'अता'. दोन गुरूंच्या जागी लघु-गुरू हवा की 'अता' हजर. एका गझलेत एकदा ठीक. संग्रहभर 'अता' विखुरलेला असेल तर ती शैली नव्हे, तो टेकू आहे. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली होती. तांत्रिक बाजू समजून घ्यायला ती पुरते.

तंत्र जमल्यावर खरी कसोटी: शेर एकटा उभा राहतो का? मधला कुठलाही शेर कागदावर सुटा लिहा. 'तेव्हा ती काय म्हणाली' असा आधी-नंतर विचारावासा वाटला तर ती कविता असेल, शेर नाही. नव्वद गझलांच्या संग्रहात सुटे उभे राहणारे वीस शेर निघाले तरी संग्रह चांगला म्हणा. ते क्रमांकासकट लिहा, तेच तुमचं मत. आणि गझला कार्यक्रमात ऐकून मग संग्रह घेतला असेल तर तेही लिहा. गळा पुष्कळ भोकं बुजवतो.

दुमडलेलं_पान

रहस्यकथेची नोंद पुन्हा लिहिली. आधी होती: 'शेवटपर्यंत खिळवून ठेवतं.' आता: 'गुन्हेगार पान १९ वर येतो, दुवे तीन, त्यातले दोन मागे सापडले (५२, ८८). तिसरा उलगड्यातच पहिल्यांदा दिसतो. वाचताना मजा आली, मागे फिरल्यावर निम्मी उतरली.' लांबी फारशी वाढली नाही, पण ही आता दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला डकवता येत नाही.

आत्मचरित्र आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक राहिलं. कथासंग्रहही.

शाईचा_डाग

आत्मचरित्रासाठी एका कागदावर पाच-पाच वर्षांचे रकाने आखा आणि प्रत्येकात किती पानं खर्ची पडली ते लिहा. बालपणाला शंभर पानं आणि अधिकारपदाच्या वीस वर्षांना पंधरा, असं चित्र आलं तर लेखक काय टाळतोय ते समोर येतं. एखादं नाव अर्ध्या पुस्तकात सतत येऊन अचानक नाहीसं होतं का तेही बघा. भांडण बहुधा त्या फटीत असतं. लेखक स्वतःच्या पुस्तकात किती वेळा चुकतो, हरतो, हास्यास्पद दिसतो तेही मोजा. 'स्मृतिचित्रे' अजून ताजं वाटतं याचं एक कारण हेच, की लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याचा तापटपणा ज्या हाताने लिहितात त्याच हाताने स्वतःची फजितीही लिहितात.

पुस्तकावर 'शब्दांकन' असेल तर शैलीचं श्रेय कुणाला देता ते जपून. आणि आवृत्ती बघा. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापला तो मजकुरात आणि भाषेत फेरफार करून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. १८५७ च्या धामधुमीतून फिरणाऱ्या भिक्षुकाच्या भाषेवर मत द्यायचं तर आधी सांगा, कोणती प्रत वाचलीत.

पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांत शब्दशः आले तर ते आठवण म्हणून वाचा, साक्ष म्हणून नको.

अर्धवट सोडलेल्याबद्दल: नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा पन्नास पानांचा नियम सोयीचा आहे. पन्नास पानं द्या, नाही पकडलं तर सोडा. तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढी पानं. साठाव्या वर्षी चाळीस. मत द्यायचा हक्क आहे, फक्त कुठल्या पानावर सोडलं आणि कशामुळे ते लिहायचं, रचनेबद्दल आणि शेवटाबद्दल एक अक्षर नाही, आणि तारे अजिबात द्यायचे नाहीत. 'पान ६४ वर सोडलं, सहा पात्रं एकाच आवाजात बोलतात' हे सोळा आणे मत आहे.

रद्दीचा_गठ्ठा

कथासंग्रह: प्रत्येक कथेच्या शेवटाची जात लिहा. कलाटणी, मरण, पत्र सापडणं, 'आणि तो चालू लागला'. बारांपैकी सात कथांत शेवटच्या ओळीत कलाटणी असेल तर तिसऱ्या कथेनंतर वाचक कलाटणीचीच वाट बघतो. कथा मुळात वेगवेगळ्या दिवाळी अंकांतून वर्षावर्षाच्या अंतराने आल्या असतील तर हा दोष कथांचा कमी, संग्रह करणाऱ्याचा जास्त, म्हणून आधी कुठे छापल्या ते मागे-पुढे दिलंय का बघा. सरासरी काढू नका. सर्वात चांगली कोणती, सर्वात पडेल कोणती, आणि कोणती काढून टाकली असती, एवढं नावानिशी लिहा.

दुमडलेलं_पान

रहस्यकथा पुन्हा चाळली. क्लोरोफॉर्मचा रुमाल आहे! पान ६१. दीड ओळीत माणूस बेशुद्ध, आवाज नाही, शेजारच्या खोलीत चौघं जेवतायत.

रद्दीचा_गठ्ठा

भिंत की तुळई?

दुमडलेलं_पान

त्या चौघांनी काही ऐकलं नाही, यावरच पुढचा अख्खा तपास उभा आहे.

घटका_पळे

तुळई.